नवऱ्याचं नाव सांगा

समरकंदला बाराव्या नंबरच्या शाळेत मोहिरा भूगोल शिकवायची. किलिमांजारो, टिटिकाका, पोपोकाटेपेटल असली नावं ती श्वास न घेता म्हणून दाखवायची. पण स्वतःच्या नवऱ्याचं ‘दावरोन’ हे साधंसरळ नाव, लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं तरी, तिच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. आमच्याकडे वळणाची सून नवऱ्याचं नाव घेत नाही. ‘अहो’ म्हणते, ‘ऐकलंत का’ म्हणते, सासूजवळ विषय निघाला तर ‘तुमचे चिरंजीव’ म्हणते, आणि एकदा मूल झालं की ‘अमक्याचे बाबा’ म्हणून जन्माची सुटते. मोहिरा अजून सुटली नव्हती. त्यात आठवीच्या वर्गात एक दावरोनच निघाला. हजेरी घेताना ती त्याला ‘खिडकीजवळचा’ म्हणायची. बाईंचा आपल्यावर एवढा कसला राग, हे त्या बिचाऱ्याला वर्षभर कळलं नाही.

सासू सलोमत या बाबतीत भारी कडक. तिला घरदार आणि शेजारीपाजारी सगळेच ‘ओयी’ म्हणायचे, म्हणजे आई. अंगणातल्या तंदूरमध्ये ती रोज पहाटे नान भाजायची, जाड काठाचे, मधोमध नक्षी ठोकलेले, वरून कलौंजी पेरलेले. दावरोन ते छोट्या गाडीत भरून बाजारात पोचवायचा. धाकटा दीर आणि जाऊही त्याच अंगणात राहायचे. घर भरलेलं होतं, खाऊनपिऊन सुखी होतं, आणि ओयीच्या तोंडाचा पट्टा तंदूरच्या बरोबरीने सुरू व्हायचा.

लग्नाचे पाहुणे पांगल्यावर दावरोनने बायकोला विचारलं होतं, “तुला काय हवंय सांग. सोनं सोडून काहीही माग.”

“समुद्र बघायचाय,” मोहिरा म्हणाली होती. “भरती-ओहोटी शिकवते मी पोरांना. पाच महासागर फळ्यावर काढून दाखवते. आणि स्वतः कालव्यापलीकडे पाणी पाहिलेलं नाही. आपला देश असा, की समुद्र गाठायचा तर दोन-दोन देश ओलांडायला लागतात.”

“एवढंच ना? दाखवतो!” दावरोन म्हणाला होता. त्याला कुठलीही गोष्ट ‘एवढंच’ वाटायची, आणि मोहिरा नेमकी त्याच्या या गुणावर भाळली होती. ब्रुकलिनला त्याच्या आतेभावाने नानची भट्टी टाकली होती. हात कमी पडताहेत, ये, म्हणून तो दर महिन्याला फोन करायचा. तिथल्या भट्टीपासून समुद्र पायी वीस मिनिटांवर आहे, असंही सांगायचा. मधे अडचण फक्त अमेरिकेची होती. तिने आत येऊ द्यायला हवं होतं.

त्यासाठी लॉटरी. अमेरिका दर वर्षी चिठ्ठ्या काढून काही परक्यांना कायमचं राहायचा व्हिसा देते. दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की आमचं अर्धं गाव इल्होमच्या संगणकाच्या दुकानापुढे रांग लावतं. इल्होम पांढऱ्या चादरीपुढे बसवून फोटो काढतो, फॉर्म भरतो, आणि नंबर छापलेला कागद हातात देतो. दावरोन पाच वर्षं नेमाने भरत होता आणि पाचही वर्षं अमेरिका नेमाने नको म्हणत होती. या खेपेला इल्होमनेच सुचवलं, “अरे, बायकोच्या नावाने वेगळा भर ना. दोघांतला कुणाचाही लागला तरी दोघं जाल. चालतं तसं.”

दावरोन गाडी नीट लावायला बाहेर गेला आणि मोहिरा चादरीपुढून उठून टेबलापाशी आली. जन्मतारीख झाली, शिक्षण झालं.

“विवाहित. नवऱ्याचं नाव?” इल्होमने विचारलं.

मोहिराने छताकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग पर्समधून खडू काढला आणि टेबलावर नाव लिहून दाखवलं.

“बाई, हे टेबल आहे, फळा नाही!”

“टेबलावरचं पुसून टाकता येतं हो. तोंडातून गेलेलं कसं पुसू?”

इल्होम पोट धरून हसला. मग हसू आवरून म्हणाला, “बरं, लग्नाची नोंदणी केलीये ना? कागद लागेल पुढे.”

तिथेच सगळं अडलं. मुल्लाने निकाह लावला होता, चारशे माणसं पुलाव जेवून गेली होती, ढोल-कर्णे वाजले होते. नोंदणीचं मात्र ‘करू सावकाश’ म्हणून राहून गेलं होतं. इल्होम म्हणाला, “मुल्लाचं लग्न अमेरिकेला दिसत नाही. तिला शिक्का दाखवावा लागतो.” मग धावपळ. ऑक्टोबर संपता संपता नोंदणी झाली, आणि पुढे अकराव्या दिवशी, मुदत अगदी संपत आली असताना, मोहिराचा फॉर्म गेला.

नंबरचे दोन कागद घरी आले. दावरोनने स्वतःचा कागद घडी घालून टोपीत ठेवला. मोहिराचा ओयीने घेतला आणि कलौंजीच्या डब्यात टाकला. म्हणाली, “तिथे राहू दे. तुम्ही दोघं तर जेवण कुठे ठेवलंय तेही विसरता.”

मे महिन्यात एके दिवशी मोहिरा सहावीला नद्या शिकवत होती. व्होल्गेपाशी पोचली असेल नसेल, तोच दार धाडकन उघडलं आणि दावरोन आत आला. टोपी हातात, श्वास लागलेला.

“मोहिरा! तू लागलीस!”

सगळ्या वर्गादेखत. नवऱ्याने बायकोचं नाव घेतलं तर आमच्याकडे कुणी काही म्हणत नाही. ही सगळी बंधनं एकाच बाजूची आहेत, हे मोहिराने केव्हाच हेरून ठेवलं होतं.

“कुठे लागले मी?”

“लॉटरीत! माझा नंबर नाहीच आला, सहाव्यांदा. मी टोपी आपटून घरी आलो. तर आई म्हणाली, रडतोस काय, सुनेचा नंबर अजून माझ्या डब्यात आहे, तो बघ आधी. आणि हे बघ!” त्याने चुरगळलेला कागद पुढे केला. कागदाला कलौंजीचा वास येत होता. मोहिराने तो नाकाशी धरला आणि भर वर्गात ढसाढसा रडायला लागली. पोरांना वाटलं कुणी गेलं. मग बाई रडताना हसतायत हे पाहून त्यांनी बाकं बडवायला सुरुवात केली, आणि व्होल्गा त्या दिवशी कास्पियनला काही मिळाली नाही.

पण नंबर लागला म्हणजे व्हिसा मिळाला असं नव्हे. कागदपत्रं, डॉक्टरी तपासणी, आणि शेवटी ताश्कंदला दूतावासात मुलाखत. सगळं तिथे ठरतं. फॉर्म तिचा, म्हणून मुख्य अर्जदारही तीच, आणि दावरोन तिच्या शेपटाला बांधलेला. याची चेष्टा करायला त्याच्या मित्रांना उन्हाळाभर दुसरा विषय लागला नाही. “काय मग, बायकोच्या पदराला धरून निघालास?” दावरोन छाती पुढे काढून म्हणायचा, “पदर तरी आहे. तुमच्याकडे काय आहे?”

फेब्रुवारीत मुलाखतीची तारीख आली. ओयीही बरोबर निघाली. नको म्हटलं तरी निघाली. आगगाडीत ती मांडीवर नानची टोपली धरून बसली, आणि ताश्कंद येईपर्यंत तिने सुनेला चार सूचना केल्या. नीट बस, हळू बोल, खोटं बोलू नकोस, आणि घराण्याची लाज राख. दूतावासात तिला सोडणार नव्हतेच. ती समोरच्या चहाखान्यात काचेजवळची जागा धरून बसली.

आत काचेपलीकडे एक तरुण अधिकारी होता, थंडीने कान लाल झालेला. त्याच्या शेजारी दुभाषी होती, गुलचेहरा नावाची पन्नाशीची बाई, केस चापूनचोपून बांधलेली. अधिकारी जे बोलेल ते ती लगोलग आपल्या भाषेत करून सांगत होती. फाइल चाळता चाळता अधिकारी थांबला. त्याने नोंदणीची तारीख पाहिली, मग फॉर्मची. बोटावर मोजलं.

“अकरा दिवस,” तो म्हणाला. “लग्न केलं आणि अकरा दिवसांनी लॉटरी भरली?”

“लग्न आधी झालंय साहेब. नोंदणी उशिरा केली,” दावरोन पुढे होऊन म्हणाला. “हा अल्बम बघा ना, चारशे माणसं—”

“अल्बम मी रोज बघतो. लॉटरीसाठी लग्नं लावून येतात, ते जास्तच जाड अल्बम आणतात. तुम्ही जरा बाहेर बसा. यांच्याशी मी वेगळं बोलतो.”

दावरोन गेला.  मोहिराच्या डोळ्यांपुढे ब्रुकलिनची भट्टी आली, तिथून पायी वीस मिनिटं आली, आणि त्यापुढचं ते पाणी आलं. इतकी वर्षं तिने ते फळ्यावर निळ्या खडूने काढलं होतं. आता या लाल कानांच्या माणसाने मान हलवली की ते पुसलं जाणार होतं.

“सोप्यापासून सुरुवात करू,” अधिकारी म्हणाला. “नवऱ्याचं नाव सांगा.”

मोहिराचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

“नवऱ्याचं नाव,” गुलचेहराने पुन्हा सांगितलं.

“फॉर्मवर आहे ना,” मोहिरा म्हणाली.

“फॉर्मवर आहे ते मला दिसतंय. तुमच्याकडून ऐकायचंय.”

 म्हणावं, एकदाच, इथे कोण ऐकतंय, असं तिने मनाला सांगून पाहिलं. पण जीभ उचलेना. दीड वर्षाचं लग्न आता पावणेतीन वर्षांचं झालं होतं आणि नाव तिच्या घशात तेवढंच घट्ट बसलं होतं. रस्त्याकडच्या खिडकीतून तिला चहाखाना दिसत होता, आणि चहाखान्याच्या काचेआड ओयीचा पांढरा रुमाल.

“लिहून दाखवू?” तिने विचारलं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. “तुम्हाला नवऱ्याचं नाव ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे!”

“मग सांगा.”

“नाही सांगता येत!”

आता मोहिरा रडणार हे दिसत होतं. अधिकाऱ्याने फाइल मिटायला घेतली. तेवढ्यात शेजारून खुदकन आवाज आला. गुलचेहरा तोंडावर हात धरून हसत होती. तिने स्वतःला आवरलं, खुर्ची अधिकाऱ्याकडे वळवली आणि इंग्रजीत भराभरा काही सांगायला लागली. मोहिराला शाळेपुरतं इंग्रजी येत होतं, तेवढ्यावर तिला अर्थ लागला. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ही पोर जुन्या वळणाची आहे, असं काहीसं होतं ते.

“आजच्या काळात?” अधिकाऱ्याचा विश्वास बसेना. “ही शिक्षिका आहे. आणि तुम्ही? तुम्ही तर वीस वर्षं नोकरी करताय. तुमच्या नवऱ्याचं नाव काय?”

सकाळपासून एकदाही न अडखळलेली गुलचेहरा अडखळली. तिच्या गालांवर रंग चढला. टेबलावरचे कागद तिने उगीच सरळ केले.

“फिरदावसचे बाबा,” ती शेवटी म्हणाली.

“हे नाव झालं?”

“साहेब, सत्तावीस वर्षं मी हेच म्हणते.”

अधिकारी खुर्चीत मागे रेलला. “मी दोनदा तुमच्या घरी येऊन पुलाव खाल्ला,” तो म्हणाला, “आणि यजमानांचं नाव मला अजून माहीत नाही!” एवढं बोलून तो जो हसायला लागला, तो थांबेचना. शेजारच्या खिडकीतला माणूस वळून पाहायला लागला.

हसणं ओसरल्यावर त्याने डोळे पुसले आणि तरीही आपलं काम सोडलं नाही. “बरं. मग नवऱ्याला हाक कशी मारता?”

“साधं असलं तर ‘अहो’,” मोहिरा म्हणाली. आता तिलाही धीर आला होता. “गाडीत पेट्रोल भरायला विसरले की ‘ऐकलंत का’. आणि फार राग आला तर त्यांच्याशी बोलतच नाही. ओयींना ऐकू जाईल असं म्हणते, तुमच्या चिरंजीवांना सांगा.”

तिला बाहेर बसवून दावरोनला आत बोलावलं. आत काय झालं ते त्याने नंतर शंभर वेळा तरी सांगितलं असेल. त्याला विचारलं, बायको काय म्हणून हाक मारते? तो बिचारा म्हणाला, “एरवी ‘अहो’. पेट्रोल विसरलो तर ‘ऐकलंत का’. आणि साहेब, ‘तुमचे चिरंजीव’ ऐकू आलं की मी त्या दिवशी रात्रीच्या जेवणापर्यंत घरी फिरकत नाही.”

दोघांना पुन्हा एकत्र खिडकीशी उभं केलं. अधिकारी म्हणाला, “खोटं लग्न लावून येणारे नवऱ्याच्या पणजीचं नावसुद्धा घोकून येतात. नाव न घेण्याचं सोंग आजवर कुणी आणलेलं नाही.” त्याने शिक्का मारला. “व्हिसा दिला. आणि मॅडम, तिकडे विमानतळावर विचारलं तर कृपा करून लिहून दाखवा.”

गुलचेहराने काचेच्या फटीतून मोहिराचं बोट दाबलं. “जा पोरी,” ती आपल्या भाषेत म्हणाली. “माझ्या वाटचाही समुद्र बघ.”

चहाखान्यात शिरल्या शिरल्या दावरोन ओरडला, “आई, मिळाला!” ओयीने आधी तोंडभर दुवा दिली, मग सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. नावाचा प्रसंग आला तशी तिने सुनेचं मनगट धरलं.

“मग? घेतलंस?”

“नाही ओयी.”

“फाइल मिटायला लागला तरी नाही?”

“नाही आलं तोंडात.”

ओयीच्या डोळ्यांना धारा लागल्या. “अख्ख्या अमेरिकेपुढे नाही घेतलंस!” ती म्हणाली, आणि टोपली उघडून नान वाटत सुटली. चहावाल्याला दिला, शेजारच्या टेबलांवर दिले, बाहेर बर्फात उभ्या पहारेकऱ्यांनाही नेऊन दिले. प्रत्येकाला ती एकच सांगत होती, “माझ्या वळणाने व्हिसा मिळाला!” समरकंदला परत पोचेपर्यंत टोपली रिकामी होती आणि श्रेय सगळं ओयीचं होतं. मोहिराने ते खुशाल घेऊ दिलं. खरं तर ते ओयीचंच होतं.

एप्रिलमध्ये निघायचा दिवस उजाडला. ओयीने पहाटे एक नान वेगळा भाजला. आमच्याकडे परगावी निघालेल्या माणसाने नानचा एक घास तोडून खायचा असतो. उरलेला नान घरात टांगून ठेवतात, आणि माणूस परत आला की त्यातलाच उरलेला खातो. दावरोन लष्करात गेला तेव्हाचा नान भिंतीवरच्या याच खिळ्यावर वर्षभर होता. आता दोघांनी दोन बाजूंनी एकेक घास तोडला. ओयीने तो खिळ्यावर लावला, मागे सरून पाहिलं, आणि जरा डावीकडे सारला.

“समरकंदचा नान आहे, किडत नाही,” ती म्हणाली. “पाहिजे तेवढी वर्षं लावा. पण दगड झाला तरी येऊन तुम्हीच खायचाय. मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.” आणि मग सुनेला मिठीत घेऊन इतकी रडली, की दावरोनला विमान चुकण्याची भीती वाटायला लागली.

ब्रुकलिनला पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, भट्टीवरची सकाळची पाळी संपवून, दोघं वीस मिनिटं चालून गेले. शेवटची इमारत संपली, लाकडी फळ्यांचा रस्ता लागला, आणि त्याच्यापुढे सगळं उघडं पडलं. मोहिरा थांबली. इतकी वर्षं तिने पोरांना सांगितलं होतं की महासागर फार मोठा असतो. मोठा हा शब्द किती अपुरा होता हे तिला आता कळलं. ती वाळूत मटकन बसली आणि हसत सुटली. एका बाजूने रडूही येत होतं, पण हसू त्याला पुढे येऊ देईना.

मग तिला ओयीची आठवण झाली. समरकंदला संध्याकाळ झाली असेल. तिने फोन लावला आणि फोनचा डोळा पाण्याकडे केला.

“दिसतोय का, ओयी?”

“दिसतोय, दिसतोय! अगं बाई, किती हे पाणी! सगळं खारटच का?” मागे जाऊ आणि दीर एकमेकांना ढकलत होते. “आणि तो कुठाय?”

तो? मोहिराने पाहिलं. दावरोनने बूट काढून ठेवले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि ‘एवढंच’ म्हणत असल्यासारखा तो सरळ पाण्यात चालला होता. एप्रिलच्या गार पाण्यात, पोहता येत नसताना. आणि त्याच्या पलीकडून एक भलीमोठी लाट उठत होती.

“अहो!” मोहिरा ओरडली. लाटांच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? “ऐकलंत का!” दावरोन आणखी दोन पावलं पुढे गेला.

“दावरोन!”

नाव तिच्या छातीतून बाहेर आलं, एवढ्या मोठ्याने की किनाऱ्यावरचे पक्षी उडाले. दावरोन जागच्या जागी वळला. तोंड उघडंच. लाट येऊन त्याला कमरेपर्यंत भिजवून गेली तरी त्याला कळलं नाही. तो बायकोकडेच बघत राहिला होता.

मोहिराने हातातल्या फोनकडे पाहिलं. पडद्यावर ओयीचा चेहरा होता, पांढऱ्या रुमालातला. मागच्या भिंतीवर खिळ्याला नान दिसत होता, दोन बाजूंनी घास तोडलेला. जाऊ आणि दीर ढकलाढकली सोडून पडद्याकडे बघत होते.

“ओयी…”

“मला काही ऐकू आलं नाही,” ओयी म्हणाली. “पाण्याचा आवाज फार येतोय तुमच्याकडे.”

 मग ती डोळे बारीक करून पडद्याजवळ आली.

“अगं, माझ्याकडे काय बघत बसलीस? दुसरी लाट येतेय मागून! पुन्हा हाक मार त्याला!”